ताईचा चौथा शब्द

माझ्या थोरल्या बहिणीने मला एकट्याला सांगितलेली गोष्ट मी दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चर्चच्या सगळ्या लोकांना वाचायला दिली. त्यात तिचं नाव नव्हतं, गाव नव्हतं, आणि माझा हेतू चांगला होता. या सबबी मी स्वतःला इतक्या वेळा सांगितल्या आहेत की आता त्या कुणी दुसऱ्यानेच सांगितल्यासारख्या ऐकू येतात. खरी गोष्ट एवढीच, की तिने विश्वासाने माझ्याजवळ दिलेलं मी माझ्या कौतुकासाठी खर्च केलं.

तेच आता पुन्हा लिहायला बसलोय, म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा करतोय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं. म्हणून हे लिखाण आधी अकोल्याला जाऊन तिला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत ऐकत होती. दोन ठिकाणी तिने हात वर करून थांबवलं. ती वाक्यं इथे नाहीत. बाकीचं राहू दे म्हणाली, फक्त नाव कुणाचंच नको. म्हणून या लिखाणात नावं नाहीत.

अमरावतीत माझं चष्म्यांचं लहानसं दुकान आहे. दुकान उघडण्याआधी रोज सकाळी चर्चच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी काहीतरी लिहायचो. सुरुवात अगदी साधी होती. आमचे पाळकसाहेब आजारी पडले, रोजचं मनन पाठवणं त्यांना जमेना, तेव्हा तुम्ही चार ओळी टाकत जा, असं त्यांनी मला सांगितलं. ते बरे झाले, पण माझ्या चार ओळी थांबल्या नाहीत. त्यांच्या चाळीस झाल्या. रोजच्या जगण्यातली एखादी बारीकशी गोष्ट घ्यायची, तिच्यात देवाचा हात दाखवायचा आणि शेवटी बायबलमधलं एक वचन जोडायचं, अशी माझी पद्धत होती. दूध उतू गेलं, की संयमावर मजकूर. बडनेऱ्याच्या फाटकात मालगाडीसाठी खोळंबलो, की धीरावर. मोझरीहून आलेल्या एका आजोबांनी मोडक्या काडीला दोरा बांधून चष्मा कानाला अडकवला होता, त्यांच्यावर तर मी ओळीने दोन दिवस लिहिलं. मंडळीची सहल चिखलदऱ्याला गेली आणि धुकं उतरलं, तेव्हा बाकीचे लोक भाजलेली कणसं खात हसत होते आणि मी एका दगडावर बसून न दिसणाऱ्या वाटेवरच्या विश्वासाबद्दल टाइप करत होतो. कणीस मिळालंच नाही.

बायको पाहुण्यांना हसत सांगायची, "आमच्या घरात काही सांडलं का हे पुसाच्या आधी लिहाले बसतात."

सगळेच हसायचे, मीही. पण त्या लिखाणाने कुणाकुणाला खरोखर आधार दिला होता, हेही सांगायला हवं. परतवाड्याकडचे एक गृहस्थ नातवाच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून माझ्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत होते. हे त्यांनी स्वतः दुकानात येऊन सांगितलं आणि सांगताना माझा हात धरून ठेवला. तो हात मला आजही आठवतो. देव रोजच्या साध्या गोष्टींतून बोलतो, यावर तेव्हा माझा विश्वास होता आणि आजही आहे. बिघडलं ते दुसरीकडे. समोर काहीही घडायला लागलं, की मला आधी त्याचा मजकूर दिसायचा आणि माणूस नंतर.

आता ताईबद्दल. ती माझ्याहून बरीच मोठी. आई दवाखान्यात कामाला जायची, तेव्हा मला तिनेच न्हाऊ घातलं, शाळेत पोचवलं, आणि डोळे मिटून 'आमेन' म्हणायलाही तिनेच शिकवलं. पुढे ती नर्स झाली, लग्न होऊन अकोल्याला गेली आणि तिथेच निवृत्त झाली. तिथल्या चर्चच्या महिला मंडळात प्रार्थना चालवायची ती हीच. भाऊजींना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. गेल्या पावसाळ्याच्या शेवटी ते गेले. मुलगा पुण्यात नोकरीला. घरात ती एकटी राहिली.

गुड फ्रायडेच्या आधीचा उपवासकाळ चालू होता. एका रविवारी उपासना संपवून मी अकोल्याला गेलो आणि तिथेच राहिलो. सोमवारी सकाळी तिच्या गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून तिने पातेलं वर आणलं होतं. ऊन तापायच्या आत काम उरकायचं होतं. दरवर्षी सोऱ्याची मूठ भाऊजी फिरवायचे आणि ती हाताने वेटोळं नीट करत जायची. या वर्षी मूठ माझ्याकडे आली.

"जोर लाव ना," ती म्हणाली. "तुहे भाऊजी शुगरचे पेशंट, पन तुह्याहून बरे दाबत."

मी जोर लावला. कापडावर दोन-तीन ओळी झाल्या. ती खाली वाकलेली, मान वर न करता बोलली.

"बाबू, मले प्रार्थना येत नाई आता."

माझा हात थांबला.

"थांबू नको. चीक थंडा होऊन जाईन."

मी पुन्हा मूठ फिरवायला लागलो आणि ती सांगत गेली. भाऊजी गेल्यापासून तिला देवाशी बोलता येत नव्हतं. राग होता असं नाही, शंका होती असंही नाही. डोळे मिटले की आत कुणी नाहीच, असं वाटायचं. चर्चमध्ये ती नुसते ओठ हलवत होती. महिला मंडळात प्रार्थना चालवताना पाठ असलेली वाक्यं म्हणत होती, आणि बायका डोळे पुसत 'आमेन' म्हणायच्या तेव्हा तिला चोरी केल्यासारखं वाटायचं. हे सगळं ती अगदी सरळ आवाजात सांगत होती. आयुष्यभर पेशंटचा ताप, नाडी, लघवी डॉक्टरांना सांगितली, त्याच आवाजात.

मग म्हणाली, "हे कोनाले सांगू नको. यंदा मले चौथा शब्द देला आहे. जे सांगाचं ते तिथी मीच सांगीन."

आमच्या चर्चमधला हा रिवाज ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते. प्रभू येशूने वधस्तंभावरून जे सात वेळा उद्गार काढले, त्यांना आम्ही 'सात शब्द' म्हणतो, आणि मंडळीतली सात माणसं त्यातल्या एकेका शब्दावर बोलतात. चौथा शब्द सगळ्यांत अवघड. देवाने मला का सोडलं, असं प्रभू स्वतः विचारतो तो. बहुतेक लोक त्यावर पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवतात आणि घाईघाईने पुनरुत्थानाकडे जातात. ताईला तसं करायचं नव्हतं. महिला मंडळाच्या वाट्याला या वर्षी हा शब्द आला होता, तो तिने मागून घेतला होता. सहा महिने जे ओठांआड ठेवलं होतं ते त्या दुपारी, त्या शब्दाच्या आधाराने, उभं राहून सांगायचं तिने ठरवलं होतं. तिच्यासाठी तीच प्रार्थनेची सुरुवात होणार होती. हे सगळं मला तेव्हा कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

मी तिला काय म्हणालो? एक वचन म्हणालो. तिने मान हलवली आणि पुढची कुरडई सरळ केली.

दुपारच्या गाडीने मी परत निघालो. गाडीत मला रडू आलं. ते रडू खरं होतं. पण मूर्तिजापूर यायच्या आत पहिलं वाक्य तयार झालं होतं, आणि बडनेऱ्याला उतरलो तेव्हा शेवटचं वचनही सापडलं होतं.

मंगळवारी सकाळी मी लिहिलं, की एक भगिनी आहे. पांढऱ्या गणवेशात तिने आयुष्यभर रुग्णांची सेवा केली. आज ती इतरांसाठी प्रार्थना चालवते, पण तिचे फक्त ओठ हलतात. मग सोऱ्याचा दृष्टान्त दिला. वरून दाब आल्याशिवाय चिकाला आकार येत नाही, तसंच दुःखाच्या दाबाखाली आपण स्वतःला सोडून दिलं नाही तर देव आपल्याला घडवू शकत नाही, असं म्हटलं. या भगिनीसाठी सर्वांनी गुडघे टेकावेत, अशी विनंती करून शेवट केला.

त्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकाचे नंबर तपासताना मी मधे मधे फोन बघत होतो. जोडलेल्या हातांची चित्रं एकामागून एक येत होती. आजवरचं सर्वांत हृदयस्पर्शी, असं कुणीतरी लिहिलं होतं. एका गिऱ्हाइकाला मी डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवून दिली.

अमरावती आणि अकोल्याची आमची मंडळी म्हणजे कुणाची मावशी, कुणाची जाऊ, कुणाची विहीण. पांढरा गणवेश, महिला मंडळ आणि कुरडया. नाव घालायची गरजच नव्हती. मजकूर दुपारपर्यंत अकोल्यात पोचला. संध्याकाळी महिला मंडळाच्या चिटणीसबाई दोन बायकांना घेऊन ताईच्या घरी गेल्या, तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली. ताईने त्यांना चहा दिला. त्या गेल्यावर तिने मला फोन केला.

"तू लिहिलं?"

मी म्हणालो, हो, पण मी नाव—

"कुरडया वायल्या का, तेवढं लिहाचं राह्यलं तुहं. लोकं इचारून राहिले."

एवढंच बोलून तिने फोन ठेवला.

त्याच आठवड्यात चौथा शब्द दुसऱ्या बाईंना दिल्याचं कळलं. ताईंना सध्या विश्रांतीची गरज आहे, असं कारण सांगितलं गेलं.

तिथून पुढे मला स्वस्थता म्हणून राहिली नाही. दुकानात बसवत नसे, घरात बसवत नसे. शटर अर्धं खाली करून मी रस्त्यावर फिरून यायचो आणि कुठे जाऊन आलो ते आठवत नसे. पहिल्याच दिवशी मी ताईला लांबलचक निरोप पाठवला होता. त्यात क्षमेबद्दल तीन वचनं होती. तिने तो वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या, उत्तर आलं नाही. मग मला वाटलं, ग्रुपवरच चूक कबूल करावी. कालचा मजकूर कृपया काढून टाका, तो लिहायला नको होता, असं मी लिहिलं. ज्यांनी तो वाचला नव्हता त्यांनीही मग तो शोधून वाचला. दोघांनी मला खासगीत विचारलं, की कोण हो ती. एकाने तर अंदाज बांधून पाठवला, आणि तो बरोबर होता.

तिसऱ्या प्रयत्नात मी स्वतः अकोल्याला गेलो. ताईने दार उघडलं, बसायला सांगितलं आणि ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आली. त्या घरात मी कधी मागून पाणी प्यायलो नव्हतो. स्वयंपाकघरात जायचं आणि माठातून घ्यायचं. तिने माझ्यासमोर ट्रे धरला, पाळक आल्यावर धरते तसा. मी ग्लास उचलला.

मी बोलायला सुरुवात केली. कसं लिहिलं गेलं, मी किती हळवा झालो होतो, देव यातूनही काही चांगलं घडवील, असं बरंच बोललो. तिथल्या पाळकांना भेटून चौथा शब्द तिला परत द्यायला सांगतो, असंही म्हणालो.

"ते द्याले तयार आहेत," ती म्हणाली. "मीच नाई म्हटलं."

मी विचारलं, का म्हणून.

"काहून का, आता मी बोलली तं लोकं तुहा लेख ऐकतीन. मले कोनी ऐकनार नाई."

तरीही, आता लिहितानाही लाज वाटते, मी जाताना दारात उभा राहून म्हणालो की आपण मिळून प्रार्थना करू. तिने डोळे मिटले. तिचे ओठ हलले नाहीत.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. माझं संपेपर्यंत तिने हात थांबवला नाही. मग म्हणाली, "तुमी माफी मांगाले जाता अन् शिकवून येता. तिले नुसतं चुकलं म्हना ना."

मी म्हणालो, तेच तर म्हणालो.

"नाई म्हटलं," ती म्हणाली. "तुमी सांगून राहिले त्यात तो शब्द आलाच नाई."

मी आठवून बघितलं. निरोपात नव्हता, फोनवर नव्हता, ग्रुपवर नव्हता, अकोल्याच्या बैठकीतही नव्हता. 'घडलं' होतं, 'लिहिलं गेलं' होतं, 'देवाची इच्छा' होती. मी चुकलो, असं कुठेच नव्हतं.

सकाळचं लिहिणं मी बंद केलं. लोक विचारायचे, तब्येत बरी आहे ना. बरी होती. पण डोकं थांबत नव्हतं. काचेची कड घासताना मजकूर सुचायचा, भाजीवालीच्या तराजूत सुचायचा, माझ्या स्वतःच्या पश्चात्तापाचाही मजकूर सुचायचा, शीर्षकासकट. तो मी झटकून टाकायचो आणि पाच मिनिटांनी तो पुन्हा यायचा. झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे प्रभूच्या यरुशलेमात येण्याची आठवण म्हणून आम्ही झावळ्या हातात घेऊन फिरतो त्या दिवशी, दुपारी मी अकोल्याच्या गाडीत बसलो. तिला काय म्हणायचं ते वाटेत घोकत होतो. घोकता घोकता त्यात एक उपमा आली, मग दुसरी आली. मूर्तिजापूरला मी उतरलो. फलाटावर बसून राहिलो आणि समोरून आलेल्या गाडीने परत आलो. बायकोला सांगितलं, की ताई घरी नव्हती. हे खोटं होतं. दुसऱ्या दिवशी तिला तेही सांगितलं.

गुड फ्रायडेला अमरावतीच्या उपासनेत मला दुसरा शब्द दिलेला होता. तो मी पाळकसाहेबांना परत केला. त्यांनी कारण विचारलं तेव्हा म्हणालो, मला अकोल्याला जायचं आहे. मजकूर त्यांनीही वाचलेला होता. जा, म्हणाले.

बाराच्या आधी मी तिथल्या चर्चमध्ये मागच्या बाकावर जाऊन बसलो. अकोल्याचं ऊन काय असतं ते वऱ्हाडात राहणाऱ्याला सांगायला नको. पंखे गरम हवा फिरवत होते. बहुतेकांचा उपवास होता. ताई बायकांच्या बाजूला चौथ्या की पाचव्या बाकावर, पांढरी साडी, डोक्यावर पदर. तिने मला पाहिलं की नाही ते कळलं नाही.

तीन शब्द झाले. मधली गीतं झाली. चौथ्या शब्दासाठी एक बाई उठल्या. त्या दिवशी चिटणीसबाईंबरोबर ताईच्या घरी गेलेल्यांपैकीच त्या एक होत्या. त्यांचा आवाज पहिल्यापासून कापत होता. कागद दोन्ही हातांनी धरलेला. देवाने आपल्याला सोडलं असं कधी कधी वाटतं, पण तसं नसतं, असं काहीतरी त्या वाचत होत्या. त्याच वाक्यावर त्या पुन्हा आल्या, थांबल्या, आणि कागद खाली पडला. मग त्याही हळूहळू खाली बसल्या, बाजूचं मेज धरत.

लोक उभे राहिले. कुणी पाणी म्हणालं, कुणी डॉक्टर म्हणालं. ताई तोवर त्यांच्याजवळ पोचली होती. ती कधी उठली ते मी पाहिलंच नाही. तिने बाईंना तिथेच जमिनीवर आडवं केलं, पाय उचलून बाकाच्या कडेवर ठेवले, गळ्याजवळचं बटण सोडलं आणि मनगट धरलं. गर्दी करणाऱ्यांना तिने हाताने मागे सारलं. ओलं करायला हाताशी कापड नव्हतं, म्हणून पाळकांच्याच खांद्यावरचा रुमाल मागून घेतला, भिजवला आणि बाईंच्या कपाळावर, मानेवर फिरवत राहिली. बाईंनी डोळे उघडले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्या ताईला काहीतरी सांगायला लागल्या. ताई वाकून म्हणाली, "बोलू नको. उपाशी आहेस ना, पडून राय." आणि त्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

पाळकांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग त्यांनी गीत घेतलं आणि पाचव्या शब्दाकडे गेले. त्या वर्षी चौथा शब्द अर्धाच राहिला.

मागच्या बाकावर बसून माझ्या मनात ताबडतोब एक वाक्य तयार झालं. ते इथे लिहीत नाही. वाईट नव्हतं, उलट चांगलंच होतं, आणि म्हणूनच मला स्वतःची शिसारी आली. मी डोळे मिटले आणि ते वाक्य जाऊ दे, एवढंच मागितलं. ते गेलं नाही. पण त्याच्या पलीकडे मला ताईचा हात दिसत राहिला, त्या बाईंच्या केसांवरून फिरणारा. ज्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिला लाज आणली होती, त्यांतल्याच एकीच्या डोक्यावर तिचा हात होता, आणि त्यात हिशेब नव्हता. प्रभू त्या जागी होता, हे मला मान्य करावंच लागलं. मी मागून बघत होतो आणि मला तिथे काही करायचं नव्हतं, काही सांगायचंही नव्हतं. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा मी कुठेतरी थोडा वेळ नुसता बसून राहिलो. आजही रोज काही ना काही दिसतं, ज्याने धीर येतो. दुकानात, रस्त्यात, घरात. बहुतेक वेळा मी ते कुणाला सांगत नाही. ज्याचं आहे त्याच्याकडेच ते राहू देतो. जमतं असं नाही, पण प्रयत्न करतो.

तीन वाजता उपासना सुटली. त्या दिवशी लोक न बोलता बाहेर पडतात. ताईने छत्री उघडली आणि चालायला लागली. मी तिच्या मागोमाग. तिने मागे वळून पाहिलं आणि छत्री थोडी माझ्या बाजूला कलली. रस्ता तापलेला, दुकानं अर्धी बंद. ऑटो घेऊ का, मी विचारलं. तिने नको म्हणून मान हलवली. तिच्या घरापर्यंत आम्ही तसेच गेलो. वाटेत माझ्या जिभेवर दोनदा वचन आलं. दोनदा गिळलं.

दारापाशी ती पर्समध्ये किल्ली शोधायला लागली. आत गेलो की ती ट्रे आणील आणि मी पुन्हा पाहुणा होईन, हे मला माहीत होतं. म्हणून तिथेच, पायरीवर उन्हात उभा राहून बोललो. घरात बोलतो त्याच भाषेत बोललो, चर्चमधल्या नाही.

"ताई, थांब. मले बोलू दे, मंग उघड. तू मले एकट्याले सांगतलं होतं. कोनाले सांगू नको म्हनलं होतं, ते म्या ऐकलं होतं. तरी लिहिलं. लोकं वा वा म्हनतीन म्हनून लिहिलं. तुले जे स्वतः उभं राहून बोलाचं होतं ते म्या तुह्या तोंडातून काढून घेतलं, अन् ते आता मले वापस देता येत नाई. देवानं केलं नाई ते, म्या केलं. माह्यं चुकलं, ताई. मले माफ कर."